किनाऱ्याला मयत लागलं की पोलीस खरंच काय करतात? (कोकणातली पोलीस कादंबरी लिहिणाऱ्यासाठी)

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका काल्पनिक मच्छीमार गावावर पोलीस कादंबरी लिहिताय, पहिल्याच प्रकरणात किनाऱ्याला मृतदेह लागतो, मुंबईहून बदली होऊन आलेला इन्स्पेक्टर तपास करतो. तुम्हाला विचारायचंय की पोलीस प्रत्यक्षात काय काय करतात, गाव एवढं लहान आहे तर खुनी कोण हे वाचकाला लगेच कळेल का, आणि कथा पावसाळ्यात घेऊ की नंतर.

मी पोलीस खात्यातून रिटायर झालोय. शिपाई म्हणून लागलो, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो, आणि नोकरीतला मोठा भाग किनाऱ्यावरच्या ठाण्यांत गेला. कादंबरी काही लिहिलेली नाही, पंचनामे मात्र ढीगभर लिहिलेत, त्यामुळे साहित्याचं सोडून बाकीचं सांगतो.

आधी दुसरी भीती, कारण खरी अडचण तिथे आहे असं मला वाटतं. लहान गावात खुनी कोण हे लपत नाही हो. तिसऱ्या दिवसापर्यंत जेट्टीवर बर्फ फोडणाऱ्या पोरालाही माहीत असतं. पोलिसांनाही कळतं, कारण शिपाई-हवालदार जिल्ह्यातलेच भरती झालेले, कोणाचा मेहुणा त्या वाडीत असतो तर कोणाची बहीण दिलेली असते. माहितीचा तुटवडा कधीच नसतो, तुटवडा असतो तो सही करणाऱ्या पंचाचा आणि कोर्टात उभ्या राहणाऱ्या साक्षीदाराचा. सगळ्या गावाला माहीत आहे आणि कागदावर काहीच नाही, हे जे मधलं अंतर आहे त्यातच आमची नोकरी जाते आणि माझ्या मते तुमची कादंबरीही तिथेच आहे. त्यामुळे वाचकाला पन्नासाव्या पानावर कळलं तर कळू द्या. हे सिद्ध कसं होणार, आणि बोलायला आधी कोण तयार होणार, या प्रश्नावर माणूस पुढची दोनशे पानं वाचतो.

आता प्रोसिजर. कादंबऱ्यांत बॉडी दिसली की इन्स्पेक्टर गाडीतून उतरतो, गॉगल काढतो आणि म्हणतो "हा खून आहे". तसं नसतं. पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांना नाहीतर फिरायला आलेल्या कोणालातरी मयत दिसतं, तो पोलीस पाटलाला सांगतो, पाटील ठाण्यात फोन करतो, ठाणे अंमलदार स्टेशन डायरीला नोंद घेतो आणि अकस्मात मृत्यूचा नंबर पडतो. आम्ही त्याला एडी म्हणतो. पूर्वी हे सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, १७४ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली होतं. त्याच तारखेपासून खुनाचं कलम ३०२ जाऊन भारतीय न्याय संहितेचं १०३ आलं, तरी जुनी माणसं बोलताना अजून "तीनशे दोन"च म्हणतात. म्हणून कथा कोणत्या साली घडते हे पहिलं ठरवा, नाहीतर २०२५ च्या कथेत एफआयआरवर ३०२ लिहाल आणि एखादा वकील वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

एडी दाखल झाली की बीटचा हवालदार दोन पंच घेऊन जातो. किनाऱ्यावरची एक गोष्ट शहरातल्या लेखकाच्या डोक्यातच येत नाही ती म्हणजे भरती. शहरात घटनास्थळाला पट्टी लावून तुम्ही दिवसभर थांबू शकता, इथे पाणी चढत येत असतं आणि सहा तासांत ती जागाच उरत नाही. फॉरेन्सिकची गाडी जिल्ह्याच्या ठिकाणाहून घाट-वळणं करत येईपर्यंत प्रेत पुन्हा तरंगायला लागेल. मग हवालदार घाईघाईत मोबाईलवर फोटो आणि शूटिंग घेतो, डोकं कुठल्या दिशेला, पाय कुठल्या दिशेला, पाण्याच्या रेषेपासून किती पावलं ते टिपून घेतो आणि चार माणसं लावून प्रेत वर सुरूच्या झाडांखाली आणतो, पंचनामा तिथे बसून लिहिला जातो. "प्रेत पालथे स्थितीत, डोके पश्चिमेस, पाय पूर्वेस, अंगात निळ्या रंगाची हाफ पँट, कमरेस काळा करगोटा, डावे हाताचे मनगटावर गोंदलेले" अशी त्याची भाषा असते. अशा चार ओळी जशाच्या तशा कादंबरीत टाका, दोन पानांच्या वर्णनापेक्षा त्या जास्त काम करतील. आणि ते उचलणारे चार हात कोणाचे, हेही दाखवा. कुजलेलं मयत उचलायला माणूस मिळत नाही, हवालदार स्वतःच्या खिशातून पैसे देतो, आणि जो नेहमी उचलायला येतो त्याला गावातलं सगळ्यात जास्त माहीत असतं. हे पात्र तुम्हाला फुकट मिळतंय.

प्रेत जिथे लागलं तिथे काही घडलेलं नसतं, हे दुसरं. समुद्र कुठून काय आणून टाकेल याचा नेम नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एके-४७ असलेली रिकामी बोट लागली आणि सगळ्या राज्यात हाय अलर्ट झाला, नंतर कळलं की जूनमध्ये इंजिन बिघडल्यामुळे ओमानच्या बाजूला सोडून दिलेली ती बोट वाहत वाहत इथवर आली होती. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्येच दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशी अशा किनाऱ्यांवर चरसची पाकिटं लागत होती. माणसाचं प्रेत एवढं लांबून येत नाही, पण दोन-तीन खाड्या ओलांडून सहज येतं. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा मुख्य प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे असतो, थंडीत उलटा. त्यावर वारा आणि भरतीचा खेळ वेगळा, म्हणून आम्ही पुस्तक बघत बसत नाही, जुन्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, विचारतो की काका, हे इथे लागलं तर पाण्यात पडलं कुठे असेल. तो मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) किती दिवस सुटली होती ते आठवतो आणि जवळपास बरोबर सांगतो. हाच तांडेल संशयिताचा चुलता निघाला तर मग बघा काय होतं ते.

बॉडीबद्दल थोडं, कारण इथे चुका फार होतात. बुडालेलं प्रेत आधी तळाला जातं, आत गॅस झाला की वर येतं, आपल्याकडच्या पाण्यात उन्हाळ्यात साधारण दिवसाभरात आणि थंडीत दोन-तीन दिवसांत. त्यामुळे रात्री मारून फेकलेला माणूस सकाळी ताजातवाना तरंगताना दाखवू नका. ओठ, पापण्या, कानाच्या पाळ्या मासे आणि खेकडे आधी खातात, नवीन शिपायाला वाटतं चेहरा विद्रूप केलाय. बोटीच्या पंख्याचे घाव तर अजून फसवतात, समांतर आणि सारख्या अंतरावर असतात आणि बघणारा लगेच म्हणतो कोयत्याने मारलंय. मेल्यानंतरचे घाव की आधीचे हे डॉक्टर सांगतो, पण तोही ठामपणे सांगेलच असं नाही. प्रेत फार कुजलेलं असेल तर "मृत्यूचे कारण राखून ठेवले" एवढंच लिहितो आणि व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेत जातो, रिपोर्ट यायला महिने लागू शकतात. आणि कादंबरीत रात्री दोन वाजता पीएम, म्हणजे शवविच्छेदन, उरकू नका. २०२१ पासून सोय असेल त्या हॉस्पिटलात सूर्यास्तानंतरही पीएमला परवानगी आहे खरी, पण खुनाचा संशय किंवा कुजलेलं प्रेत यांना ती सवलत सहसा लागू नाही. कधी कधी तर प्रेत हलवण्यासारखं नसतं आणि डॉक्टरलाच किनाऱ्यावर बोलवावं लागतं.

डायटमची टेस्ट तुम्हाला कथेत वापरता येईल. पाण्यात सूक्ष्म शेवाळासारखे जीव असतात, माणूस जिवंत असताना बुडाला तर ते फुप्फुसातून रक्तात आणि तिथून हाडाच्या मगजापर्यंत जातात. विहिरीतले वेगळे, खाडीतले वेगळे, समुद्रातले वेगळे. म्हणजे कोणाला परसातल्या विहिरीत बुडवून मग समुद्रात टाकलं तर निदान शंका घ्यायला जागा मिळते. मात्र त्यासाठी त्या त्या पाण्याचे नमुने वेळेत घेतलेले असले पाहिजेत, आणि कोर्टात नुसत्या या टेस्टवर केस उभी राहत नाही, जोडीला दुसरं काहीतरी लागतंच.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एडी चालू आहे, खुनाचा गुन्हा अजून दाखल नाही, हा जो काळ असतो तो कोणी लिहीतच नाही. या काळात कोणाला अटक करता येत नाही, कस्टडी नाही, दमदाटी करायला गेलात तर सरपंच आणि आमदारांचे फोन सुरू. फक्त गोड बोलून चौकशी. चहा प्यायचा, मयताच्या घरी जाऊन बसायचं, मच्छीमार सोसायटीत डिझेलचं रजिस्टर सहज चाळायचं. आणि गावालाही माहीत असतं की साहेबांच्या हातात अजून काही नाही, त्यामुळे जो तो आपली गोष्ट पक्की करून ठेवतो. तुमच्या कादंबरीचा पहिला एक तृतीयांश भाग इथेच ठेवा असं मी सुचवेन. गुन्हा दाखल झाला की मग एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, "समांतर तपास" करायला येते आणि मग आत आणि बाहेर दोन्हीकडे लढाई.

इन्स्पेक्टर मुंबईचा असू दे, काही हरकत नाही, फक्त लहान ठाण्याला पीआय म्हणजे पोलीस निरीक्षक नसतो, एपीआय म्हणजे सहायक निरीक्षक प्रभारी असतो, तेवढं बघा. पण तपास खरा करतो तो ठाण्याचा गोपनीय अंमलदार. प्रत्येक ठाण्यात असा एक जण असतो, साध्या कपड्यात फिरतो, कोणत्या वाडीत कोणाचं कोणाशी पटत नाही हे त्याला तोंडपाठ. साहेब दोन-तीन वर्षांनी जातील, याला इथेच राहायचंय, याच्या पोरांची लग्नं इथेच व्हायची आहेत. साहेबाला तो किती सांगतो आणि किती गिळतो यावर तुमची अर्धी कादंबरी उभी राहील. तो त्याच समाजातला असेल तर आणखी बरं.

समाजावरून आठवलं. किनाऱ्यावरचे सगळे कोळी नसतात. रायगड-मुंबईकडे कोळी, रत्नागिरीत खारवी आणि दालदी मुसलमान, सिंधुदुर्गात गाबित, खाडीत भोई. आणि रत्नागिरीतल्या पात्रांना मालवणी बोलायला लावू नका, टीव्ही बघून लिहिलंय हे लगेच कळतं. बोटींवरचे खलाशी तर बऱ्याच ठिकाणी नेपाळी आहेत, त्यांचा कथेत पत्ताच नसतो. समुद्रात बोटीवर भांडण झालं, एक जण गेला, बोट परत आली आणि तांडेल सांगतोय "तोल जाऊन पडला", बाकीचे चौघे मान हलवतात, गेलेल्याचं घर दीड-दोन हजार किलोमीटर लांब. अशी केस आली की पोटात गोळा येतो. बॉडी नाही, साक्षीदार सगळे मालकाच्या पगारावर. अशा वेळी मी आधी बोटीचा जीपीएस मागायचो. मासे मिळतात त्या जागांचे पॉइंट तांडेल त्यात मारून ठेवतात आणि बोट कुठून कुठे गेली, कुठे थांबली हा ट्रॅकही बऱ्याच मशिनांत राहतो, तो पुसायचं कोणाच्या लक्षात येत नाही. किनाऱ्यापासून आत गेलं की मोबाईलची रेंज संपते, म्हणजे सीडीआरवर (मोबाईल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींवर) सगळं सोडवणारा तुमचा शहरी हिरो इथे अडकतो, आणि अडकू द्या त्याला.

अलिबाय तोडायला भरतीसारखं हत्यार नाही. जुना हिशेब असा की तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण, तिथून साधारण सहा तासांनी, पहाटे सव्वापाचच्या आसपास ओहोटी तळाला. आणि पौर्णिमेला उधाण असतं म्हणजे पाणी जसं खूप चढतं तसं खूप उतरतंही. आता समजा संशयित सांगतोय की कोजागिरीला रात्री सगळ्यांबरोबर दूध प्यायलो, घरी जाऊन झोपलो आणि पहाटे पाचला बोट काढली. ऐकायला सरळ. पण त्याची बोट गाळाने भरलेल्या खाडीत लागते, पाचला तिथे गुडघाभर चिखल असतो, बोट आडवी पडलेली. म्हणजे बोट एकतर रात्री दोन-अडीचच्या आत बाहेर पडली किंवा सकाळी चांगलं उजाडल्यावर. मुंबईच्या इन्स्पेक्टरला हे कळणार नाही, जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराला लिहिताना कळेल, आणि तो पेन खाली ठेवतो का तसाच पुढे लिहितो, बघा, सीन तयार झाला. हिशेब ढोबळ आहे, गावागणिक फरक पडतो, तुमच्या तारखेचं टाइड टेबल बघूनच वेळा टाका.

कारणाबद्दल माझं मत जरा कडक आहे. स्मगलिंग आणि अतिरेकी शक्यतो टाळा. १९९३ ला शेखाडी-दिघीला स्फोटकं उतरली, २००८ ला समुद्रातून अतिरेकी आले, त्यामुळे किनारा म्हटलं की सगळ्यांना तेच सुचतं. पण तसं काही निघालं तर कस्टम, कोस्ट गार्ड, एटीएस सगळे उतरतात आणि तुमचा ठाण्याचा इन्स्पेक्टर बंदोबस्ताला उभा राहतो, केस त्याच्या हातातून गेली. गावातले खून घरच्या कारणांनी होतात. वडिलोपार्जित जागेची वाटणी, आणि त्या जागेला अचानक आलेला रिसॉर्टचा भाव. व्याजाचे पैसे. बाईचं प्रकरण. नाहीतर मासेमारीचाच वाद, पर्ससीनवाले (मोठं घेरणारं जाळं लावणारे) विरुद्ध पारंपरिक, रात्री एलईडी लावून मासे ओढणारे विरुद्ध ज्यांच्या जाळ्यात काहीच उरत नाही ते. आणि वाळीत टाकणं. २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे महाराष्ट्रात, तरी गावकीने ठरवलं की दुकानातून मीठ मिळत नाही, मयताला खांदा मिळत नाही. अशा वाळीत टाकलेल्या घरातला माणूस मेला तर साक्षीदार कुठून आणणार तुम्ही?

आणि कबुलीजबाबाने कादंबरी संपवू नका, एवढी विनंती. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पूर्वीही नव्हती आणि नव्या साक्ष अधिनियमातही नाही. चालतं ते एवढंच की आरोपीने सांगितलं आणि त्यावरून वस्तू निघाली, तर तेवढ्यापुरता भाग. म्हणजे आरोपी पंचांसमोर निवेदन करतो, गाडीतून घेऊन जातो, खारफुटीत चिखलात पुरलेला कोयता काढून देतो. तिथे पंच कोण हा पुन्हा तोच प्रश्न. गावातला कोणी येत नाही, म्हणून तलाठी किंवा शाळेतले गुरुजी धरून आणायचे, सरकारी माणूस असल्यामुळे फितूर व्हायची भीती कमी. साक्षीदाराने पोलिसांकडे दिलेल्या जबाबावर त्याची सहीसुद्धा नसते, उद्या कोर्टात "मी असं बोललोच नाही" म्हणाला की संपलं. म्हणून एखादा बोलायला तयार झाला की त्याला गावकीची बैठक बसायच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे नेऊन कलम १८३ खाली जबाब करून घ्यायचा, पूर्वीचं १६४. ही धावपळ तुमचा क्लायमॅक्स होऊ शकते. गोळीबार लागत नाही, तालुक्याच्या कोर्टाची वेळ संपत आलीय आणि खाडीवरची फेरीबोट पलीकडे उभी आहे, एवढ्याने माणूस पान उलटतो.

राहिला पावसाळ्याचा प्रश्न. तुमच्या कथेवर अवलंबून आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, बोटी वर ओढून शाकारलेल्या, समुद्रावर कोणी नाही म्हणजे समुद्रातला साक्षीदार नाही, आणि पोलिसांची स्पीडबोटही तेव्हा बाहेर निघत नाही. वातावरणाला छान, पण जेट्टी, लिलाव, खलाशी हे सगळं तुमच्या हातातून जातं. मी असतो तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू केलं असतं. बोटींना रंग लागतोय, जाळी दुरुस्त होतायत, नेपाळी खलाशी गाड्या भरून परत येतायत, मालकांनी प्रत्येकाला हजारोंची उचल देऊन ठेवलीय आणि अजून एक मासा विकलेला नाही, त्यामुळे सगळे उधारीवर. त्या दिवसांत एखादा खलाशी गायब झाला तर मालक ठाण्यात येतो आणि मिसिंग लिहून घेताना आधी उचलीची रक्कम सांगतो, नाव नंतर. मग आठवड्याभराने, नारळी पौर्णिमेच्या आधी, दोन खाड्या सोडून दक्षिणेला मयत लागतं.

एवढ्यावर पहिली पाच-सहा प्रकरणं होतील. पंचनाम्याचा आणि जबाबांचा भाग लिहून झाला की इथेच टाका, भाषा आणि कलमं मी तपासून देतो.